कार्यक्रम कोणासाठी?

(वार्षिक संमेलनाच्या पहिल्या दिवशी सायंकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला ‘दूरचित्रवाणी आणि आपली कुटुंबे’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत आयुष्य घालवलेला साधा शिक्षक. या विषयाचा अधिकारी पुरुष मी नव्हे. तथापि गतवर्षी याच मंडपात असा एक प्रसंग घडला, की त्याने वर्षभर माझी पाठ सोडली नाही. त्या प्रसंगापासूनच आरंभ करतो.

गतवर्षी आपल्या बालकलाकारांनी एक नाटिका सादर केली होती. आपणांपैकी पुष्कळांना ती स्मरत असेल, कारण टाळ्या भरपूर पडल्या होत्या. नाटिकेतील घर पुण्याचे होते. साहेब, बाईसाहेब आणि त्यांची मुले शुद्ध, घोटीव भाषा बोलत. त्या घरी एक गडी होता. तो मात्र ‘कामून’, ‘मपलं-तुपलं’, ‘काय करलालाव’ अशी आपली भाषा बोले. त्याने तोंड उघडले, की मंडप हसे. मीही हसलो. पहिल्या रांगेत आपल्या समाजातील नव्वदीच्या घरातील एक मातोश्री बसल्या होत्या. त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेला हळूच विचारले, “सगळे कामून हसलालेत गं? त्यानं वंगाळ काय म्हणलं?”

सुनेपाशी उत्तर नव्हते. मी मागच्याच खुर्चीवर होतो, माझ्यापाशीही नव्हते. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण ती नाटिका माझ्याच नातीने लिहिलेली होती. घरी आल्यावर मी तिला विचारले, “बाळ, गडी आपल्यासारखा का बोलतो, आणि साहेब का नाही?” ती निरागसपणे म्हणाली, “आबा, मालिकेत असंच असतं.”

मालिकेत असे का असते, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यापुढे आहे. त्याचे उत्तर शोधताना माझ्या असे ध्यानी आले, की कार्यक्रम चांगला की वाईट हे पुष्कळ अंशी तो कोणासाठी तयार केला यावर ठरते.

आता कोणी म्हणेल, श्रोता पाहून बोलणे यात नवल ते काय? कीर्तनकारही मंडप पाहूनच आख्यान निवडतो. हे अगदी खरे आहे. श्रोत्यांची निवड करणे हा दोष नव्हेच. आपल्या महाराष्ट्रातच त्याचा एक सुंदर दाखला आहे. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. त्यांच्या शंका पुण्यास जात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. त्या प्रयोगात श्रोता नेमका ठरलेला होता, आणि त्या नेमकेपणानेच कार्यक्रमाला कस आला. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपल्या एकाही गावाची त्यात गणना झाली नाही. गणतीबाहेर राहण्याचा हा आपला पहिला प्रसंग. पुढे आणखी आहेत.

दुसरा दाखला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. 1975 साली मी मॅट्रिक झालो आणि त्या हिवाळ्यात मामाकडे गेलो. मामांचे गाव गुलबर्गे जिल्ह्यात होते, ज्याला आता कलबुर्गी म्हणतात. तेथील शाळेच्या छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची एक भलीमोठी छत्री आकाशाकडे तोंड करून ठेवलेली होती. सायंकाळी शाळेच्या अंगणात सारे गाव जमे. अमेरिकेचा एक उपग्रह भारताने एका वर्षापुरता उसना घेतला होता. 1 ऑगस्ट 1975 पासून 31 जुलै 1976 पर्यंत त्याच्याद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय असत. या प्रचंड प्रयोगाचे कार्यव्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. परंतु त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होते, आंध्र होते. म्हणजे आमच्या निलंगा-देगलूरच्या सीमेपर्यंत छत्री आली आणि तेथे थांबली!

मला कानडी जेमतेम कळे. तरीही म्हशीच्या आजारावरचा एक कार्यक्रम मला आजही आठवतो. चित्रे रंगीत नव्हती, बोलणारा माणूस कॅमेऱ्यापुढे अवघडलेला होता. पण म्हस खरी होती, गोठा खरा होता, आणि माझ्या मामींनी दुसऱ्या दिवशी गोठ्यात चुना मारला. त्या काळी काही संशोधक खेड्यांत मुक्काम करून राहत व गावकऱ्यांना काय समजले, काय समजले नाही, याची टिपणे घेत. मोजणी तेव्हाही होती. मात्र तिचा हेतू प्रेक्षक विकण्याचा नव्हता; कार्यक्रमाचा प्रेक्षकाला उपयोग झाला किंवा नाही हे तिला पाहावयाचे होते.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथून त्याच सुमारास असाच स्थानिक कार्यक्रम सुरू झाला. तो एका जिल्ह्याच्या लोकांसाठी, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच अडचणींविषयी असे. त्याला पुढे युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर 1980च्या दशकात ते केंद्र बंद झाले. चांगल्या गोष्टींचे आपल्याकडे असेच होते, यावर अधिक बोलत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. ‘आमची माती, आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ ही नावे आजही आदराने घेतली जातात. पण आपणांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना आठवेल, की ते दिवस आपण वर्तमानपत्रांतून वाचले. 1984च्या सुमारास ठिकठिकाणी लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागले, तेव्हा ते उपग्रहावरून दिल्लीचा हिंदी कार्यक्रम उचलीत. म्हणून आमच्या पिढीची दूरचित्रवाणीशी पहिली ओळख ‘हम लोग’ आणि त्यानंतर 1987च्या रामायणाने झाली. मी त्या वेळी मुखेड तालुक्यात नोकरीस होतो. रविवारी सकाळी रामायणाच्या वेळी सरपंचांच्या ओट्यावर पाय ठेवावयास जागा नसे. तो कार्यक्रम सर्वांसाठी होता. सर्वांसाठी असलेल्या कार्यक्रमातही एक उणीव राहते, ती अशी की तो कोणाच्याही दाराशी थांबत नाही. त्यात आमचा पाऊस नव्हता, आमचा बाजार नव्हता, आमची बोली तर नव्हतीच. त्या मानाने परभणी आकाशवाणीवर कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ ज्वारीवरील किडीबद्दल बोलत, ते अधिक आमचे वाटे.

यानंतर खाजगी वाहिन्यांचा काळ आला. दूरदर्शनवर जाहिराती 1976 पासूनच होत्या. पण 1992 साली झी आणि पुढे 1999 साली अल्फा मराठी आल्यानंतर जाहिरात हाच मुख्य पाया झाला. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसांचाही तीविषयी गैरसमज असतो. आपणांस वाटते, वाहिनी आपल्याला कार्यक्रम विकते. तसे नाही. वाहिनी जाहिरातदाराला आपली नजर विकते. दर दहा सेकंदांचा भाव ठरतो, आणि तो पाहणारे किती आहेत व कोण आहेत यावर ठरतो. कार्यक्रम हे गळाला लावलेले आमिष आहे. दुकानातील गिऱ्हाईक आपण आहोत असे समजून आपण बसतो. वस्तुतः आपण मांडणीवरचा माल असतो.

पाहणारे किती हे मोजण्यासाठी निवडक घरांत एक यंत्र बसवतात. घरातील प्रत्येकाला त्यावर आपापले बटण असते. अशी घरे गुप्त ठेवतात. काही हजार घरांवरून कोट्यवधींची आवड ठरवणे हा अनेकांना अन्याय वाटतो. मला तसे वाटत नाही. शितावरून भाताची परीक्षा ही आपल्या आयाबहिणी रोज करतात. पण शीत ज्या भांड्यातले, परीक्षा त्याच भांड्याची! 1998 पासून दीर्घकाळ ही मोजणी करणाऱ्या टॅम या संस्थेची यंत्रे मुख्यतः एक लाखावर लोकवस्तीच्या शहरांतच होती. म्हणजे लातूर शहर किंवा नांदेड शहर कदाचित गणतीत. पण औसा नाही, कंधार नाही, आणि खेडे तर नाहीच. मुंबई-पुण्याचे शीत चेपायचे आणि आमच्या भाकरीबद्दल मत द्यायचे, असा तो प्रकार. जानेवारी 2011 मध्ये अमित मित्रा समितीने सुमारे 8000 घरांची ही संख्या अपुरी असल्याचे सांगून ती 30,000 पर्यंत वाढवावी व ग्रामीण भागाचा समावेश करावा अशी शिफारस केली, तेव्हा कोठे चाके हलली.

या स्थळी मला माझ्या नोकरीतील एक कबुली द्यावीशी वाटते. मी जेथे प्रथम लागलो ती शाळा एका खोलीची होती, चार वर्ग आणि मी एकटा. वर्षातून एकदा तपासणीसाठी साहेब येत. साहेब दारातून आत आले, की पहिल्या रांगेतील मुलांना प्रश्न विचारीत. शेवटच्या रांगेपर्यंत त्यांना वेळ नसे. दोन वर्षांत मला हे उमगले, आणि माझ्याही नकळत मी पहिल्या रांगेला शिकवू लागलो. माझा शेरा उत्तम येई. शेवटच्या रांगेतील एक मुलगा चौथीपर्यंत येऊनही स्वतःचे नाव लिहू शकत नव्हता, हे मला त्याच्या आईने सांगितले, साहेबांनी नव्हे. मी लबाड नव्हतो. जे मोजले जात होते ते मी सांभाळीत होतो, इतकेच. त्यामुळे वाहिनीत काम करणाऱ्या मंडळींवर मी फार दगड मारू शकत नाही. तपासणी जेथे होते तेथेच शिकवणी होते.

आता प्रेक्षक ‘कोण’ आहे हे कसे ठरवतात तेही ऐका, मोठे मनोरंजक आहे. 2011 साली तयार झालेल्या पद्धतीत कुटुंबाला दोनच प्रश्न विचारतात. मुख्य कमावत्याचे शिक्षण किती, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत? वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत दूरचित्रवाणी संच, फ्रिज, धुलाईयंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन. यावरून ए-वनपासून ई-थ्रीपर्यंत बारा पायऱ्यांपैकी एकीवर आपल्याला बसवतात. मी घरी कागद घेऊन बसलो. माझ्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन राखलेल्या दोन एकर कोरडवाहू जमिनीचा एक गुण, आणि छताच्या पंख्याचाही एकच! माझी सौभाग्यवती म्हणाली, “पंखा तरी फिरतो.”

जो वरच्या पायरीवर तो अधिक खरेदी करणार, म्हणून त्याची नजर महाग. मग मालिकेतील दिवाणखाना त्याच्या दिवाणखान्यासारखा, भाषा त्याच्या भाषेसारखी, आणि त्याच्या घरात खेड्यातला माणूस जसा येतो, म्हणजे गडी, ड्रायव्हर किंवा गावाकडचा विनोदी काका म्हणून, तसाच तो मालिकेत येतो. माझ्या नातीच्या नाटिकेतला गडी कोठून आला, हे मला येथे सापडले.

2015 साली बार्क ही नवी संस्था मोजणी करू लागली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून खेड्यांचे आकडेही येऊ लागले. त्यानंतर काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. 2016च्या ऑगस्टमध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आली. तिची राधिका नागपूरकडची, आणि तीच नायिका. तिच्या बोलीची लाज वाटणारा नवरा हास्यास्पद ठरला. त्याच वर्षी कोल्हापूरचा पैलवान नायक झाला, कोकणातील वाडा आला, पुढच्या वर्षी साताऱ्याचा सैनिक आला. नवे लेखक एका रात्रीत जन्माला आले नव्हते. खेड्यात यंत्र बसले होते. एवढा फरक केवळ मोजणीने पडतो, हे पाहून मी थक्क झालो.

परंतु यंत्र बसले म्हणजे सर्व साधले असे नव्हे. आकडे जाहीर होतात ते महाराष्ट्र व गोवा मिळून एकाच गाठोड्याचे. त्यात मराठवाडा वेगळा दिसत नाही. मालिकेतील गाव हिरवे असते, कारण हिरवे डोळ्यांना बरे दिसते. अवर्षण, बँकेची नोटीस, सोयाबीनचा पडलेला भाव यांना तेथे जागा नाही. त्यांच्या मागोमाग साबणाची जाहिरात कशी लावणार? ‘तुझ्यात जीव रंगला’ मधील अंजली ही शिक्षिका, म्हणून मी ती मालिका कौतुकाने पाहू लागलो. मला तरी ती फळ्याजवळ थोडी आणि घरच्या भांडणात फार दिसली. कोणतीही कथा लोकांना आवडली, की आठवड्याचे आकडे ती संपू देत नाहीत. दोनशे पानांची कादंबरी दोन हजार पाने लिहावयास लावली, तर थोर लेखकही पाणीच घालणार.

बातम्यांचे याहून विचित्र. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. स्थानकावर कॅमेऱ्यांची ही गर्दी! सारा देश आमची तहान पाहत होता. मी त्या वेळी लातुरातच होतो, निवृत्तीचे ते वर्ष. आमच्या गल्लीतील बाया घागरी घेऊन दूरचित्रवाणीपुढे बसल्या होत्या, कारण त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या प्रभागात टँकर कोणत्या दिवशी येणार? ती एकाही वाहिनीने सांगितली नाही. सांगणार तरी का? ती बातमी आमच्याविषयी होती, आमच्यासाठी नव्हती. आमच्या गल्लीतील पाण्याचा वार दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकाला काय करायचा?

आपली बोली इतरांना रुचणारच नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्यास उत्तर आहे. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग एकट्याने केला. पन्नासांवर पात्रे, आणि बोलणे आपल्या मातीचे. पुण्या-मुंबईनेच नव्हे, परदेशस्थ मराठी मंडळींनीही तो डोक्यावर घेतला. त्यातही लोक हसत, पोट धरून हसत. पण त्या हसण्यात आणि गतवर्षीच्या आपल्या हसण्यात अंतर होते. देशपांड्यांच्या वऱ्हाडातील माणसे पाहून आपण आपल्यालाच ओळखून हसतो. आपल्या नाटिकेत आपण स्वतःला परक्याच्या डोळ्यांनी पाहून हसलो.

आता संचापेक्षा भ्रमणध्वनीचे राज्य आहे. तेथे यंत्र प्रत्येकाचा अंगठा मोजते. आपल्या युवक शाखेनेही चित्रफिती काढण्यास आरंभ केला, हे स्तुत्य आहे. परवा त्यांच्यापैकी दोघे माझ्याकडे आले. वरातीतील नाचाची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची माहिती देणारी फार थोड्यांनी; तर दुसरी बंद करावी काय, असे ते विचारत होते. मी त्यांना विचारले, त्या थोड्यांपैकी अर्ज कोणी भरला काय? ते चौकशी करून परत आले. उदगीरकडील एका विधवा भगिनीच्या मुलाने भरला होता. पुढे काय करावयाचे ते त्यांचे त्यांनी ठरवले आहे. शिष्यवृत्तीची चित्रफीत चालू आहे, आणि नाचाचीही. मी नाचाविरुद्ध नाही.

राहिली माझ्या नातीची गोष्ट. यंदाही तिने एक नाटिका लिहिली आहे. ती लिहिण्यापूर्वी मी तिला एवढेच म्हणालो, की गतवर्षी पहिल्या रांगेत एक आजी हसल्या नव्हत्या, त्यांच्याकडे जाऊन ये. ती गेली. एकदा गेली ती पुष्कळदा गेली. 1948 साली पोलीस कारवाईच्या आधी रजाकारांच्या धास्तीने त्यांचे कुटुंब रात्रीच्या रात्री गाव सोडून निघाले होते, तेव्हा त्या लहान होत्या. ती हकिगत त्यांनी तिला सांगितली, आणि नाटिका तीच आहे. तिचे पहिले वाचन त्यांच्याच ओसरीवर झाले. त्यांनी तीन ठिकाणी शब्द बदलून दिले, आणि एका ठिकाणी, ‘असं कुणी बोलत नस्तंय’ म्हणून संपूर्ण वाक्य काढावयास लावले. माझ्या नातीला ते वाक्य फार आवडले होते. तिने थोडे तोंड फुगवले, पण काढले.

नाटिका उद्या सकाळी दहा वाजता याच मंडपात होईल. व्यवस्थापक मंडळींना माझी विनंती आहे, की ध्वनिक्षेपकाचा एक कर्णा पहिल्या रांगेकडे वळवून ठेवावा. आजींना उजव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही.